बुडापेस्ट आणि हंगेरीतले पुतळे, स्मारकं : काय बघावं, काय सोडावं?

शाईचा_डाग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन हंगेरीला जातेय. बुडापेस्टमध्ये सहा रात्री, त्यातला एक दिवस बाहेर कुठेतरी. पार्लमेंट, गरम पाण्याचे हमाम, नदीतली बोट वगैरे माहिती भरपूर मिळाली. प्रश्न वेगळाच आहे.

बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. चौतीस वर्षं शाळेत, आणि अजूनही दर श्रावणात घरी शाडूचा गणपती स्वतः करतात. म्युझियममध्ये नेलं की अर्ध्या तासात बाहेरच्या बाकावर येऊन बसतात. "काचेमागचं नको, हात लावता येईल असं काहीतरी दाखव" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून ठरवलंय, यावेळी फक्त रस्त्यावरचे पुतळे आणि स्मारकं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ आणि पायऱ्या कमीत कमी.

कोणी राहून आलंय का? नुसती यादी नको, का बघायचं तेही सांगा.

मोरपीस

वाचतेय. आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो होतो पण दोनच दिवस. नदीकाठचे लोखंडी बूट चुकवू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

टिवल्याबावल्या

प्रोफेसर गोंद्यांना आवाज द्या कोणीतरी. सहा वर्षं तिथे नोकरीला होता, अजून त्याच्या तोंडून दर दोन वाक्यांनी "आमच्या बुदापेश्तला" येतं.

दानूबकाठचा_गोंद्या

आलो आलो. टिवल्या, तुझा समाचार नंतर.

शाईताई, आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. या शहरातले पुतळे एका जागी राहत नाहीत. राजवट बदलली की काही वितळतात, काही गावाबाहेर जातात, काही दुसऱ्या चौकात उभे राहतात. त्यामुळे कुठल्याही चौथऱ्यासमोर उभं राहिलात की पहिला प्रश्न हाच विचारायचा : याच्या आधी इथे कोण होतं? तिथल्या माणसांना हे तोंडपाठ असतं. पुतळ्याची उंची विचारली तर खांदे उडवतील, हे विचारलं तर खुर्ची ओढून बसतील.

सुरुवात स्टालिनपासून करू. १९५१ च्या डिसेंबरात वारोशलिगेत या मोठ्या बागेच्या कडेला त्याचा आठ मीटर उंच ब्राँझचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार मिकुश शांदोर (हंगेरियन माणूस आडनाव आधी लावतो, आपल्या मस्टरसारखं). तिथल्या संचलनाच्या रस्त्यासाठी जवळचं एक चर्च पाडलं. पाच वर्षंसुद्धा टिकला नाही. २३ ऑक्टोबर १९५६ ला सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव सुरू झाला त्याच रात्री लोकांनी गळ्यात दोर घालून ओढला, हलेना. मग वेल्डिंगच्या ज्योतीने पाय कापले. धड पडलं, ते ओढत शहराच्या मध्यात नेऊन त्याचे तुकडे केले. चौथऱ्यावर उरले फक्त बूट, आणि त्या बुटात कोणीतरी झेंडा रोवला. लोक त्या जागेला 'बुटांचा चौक' म्हणायला लागले.

आज त्या जागी २००६ साली केलेलं ५६ च्या उठावाचं स्मारक आहे. पोलादी खांब : मागच्या बाजूला सुटे सुटे, गंजलेले, आणि पुढे येताना दाट होत होत शेवटी एकच चकचकीत पाचर. बाबांना आवडेल, हातही लावता येतो. आणि सपाट जमिनीवर आहे.

तिथून पाच-सात मिनिटांवर हॉशॉक तेरे, म्हणजे वीरांचा चौक. मधोमध ३६ मीटरचा खांब, टोकावर देवदूत गाब्रिएल हातात राजमुकुट घेऊन. खाली घोड्यांवर सात मोड्यार (म्हणजे हंगेरियन) सरदार, सगळ्यात पुढे आर्पाद. शिल्पकार जाला द्यर्द्य. काम १८९६ साली सुरू झालं, मोड्यार लोक या प्रदेशात आले त्याला हजार वर्षं झाली म्हणून. मागे अर्धवर्तुळात दोन ओळींत चौदा राजे आणि पुढारी आहेत. इथे थांबून बाबांना सांगा की उजवीकडच्या शेवटच्या पाच जागांवर पूर्वी हाब्सबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातले, होते, मारिया तेरेझा आणि फ्रान्झ योझेफसकट. दुसऱ्या महायुद्धानंतर ते उतरवले आणि ज्यांनी हाब्सबुर्गांविरुद्ध झगडा केला ते बसवले. राकोत्सी, कोशुत वगैरे. म्हणजे घरमालकाला काढून खोल्या भाडेकरूंच्या नावावर.

जेवण करून पुढचं लिहितो.

निवृत्त_ओव्हरसियर

माहिती चांगली आहे. पण गोंदोपंत, भाडेकरूची उपमा चुकली. कोशुतच्या बाजूने पाहिलं तर घर मूळचं त्याचंच.

दानूबकाठचा_गोंद्या

मान्य काका. उपमा मागे घेतो.

आता पुढे. दोन नंबरची ट्राम तुमच्या आईंसाठी देवाने पाठवली आहे. पेश्तच्या बाजूने (नदीच्या पूर्वेचं शहर पेश्त, पश्चिमेचं बुडा) दानूब नदीला लागून जाते. एका टोकाला बसा, उतरत-चढत जा, गुडघ्यांना त्रास नाही.

सुरुवातीचा थांबा यासई मरी तेर. इथे नॉद्य इम्रेचा पुतळा आहे. छोट्या पुलावर उभा, डोक्यावर हॅट, हातात छत्री. ५६ च्या उठावातला पंतप्रधान. १६ जून १९५८ ला त्याला फाशी दिली आणि बेनाम पुरलं. बरोबर ३१ वर्षांनी, १६ जून १९८९ ला, वर सांगितलेल्या वीरांच्या चौकात लाखो माणसांच्या साक्षीने त्याची शवपेटी ठेवली आणि पुन्हा दफन केलं. पुतळा १९९६ चा, आधी पार्लमेंटजवळच्या चौकात होता. पुलावर उभा राहून पार्लमेंटकडे बघायचा. लोक त्याच्याशेजारी कठड्याला टेकून फोटो काढायचे, मीही काढलाय. २०१८ च्या डिसेंबरात, नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधल्या दिवसांत, पहाटे क्रेन आली आणि तो उचलून नेला. पुढच्या वर्षी इकडे बसवला. जुन्या जागी १९३४ सालच्या एका स्मारकाची नव्याने घडवलेली प्रतिकृती आहे, १९१९ च्या लाल (कम्युनिस्ट) राजवटीतल्या बळींचं. मी तेव्हा तिथेच होतो. सकाळी ऑफिसला जाताना पूल रिकामा दिसला तेव्हा चुकल्यासारखं झालं.

पार्लमेंटपाशी उतरून नदीकडे गेलात की बूट. मोरपीस म्हणाल्या तेच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात बाणक्रूस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या सशस्त्र लोकांनी ज्यूंना या काठावर आणून उभं केलं, पायताणं काढायला लावली, कारण त्या काळात चामड्याच्या बुटांना किंमत होती, आणि गोळ्या घालून नदीत पाडलं. काठावर साठ जोड आहेत. लोखंडाचे, त्या काळातल्या घडणीचे. पुरुषांचे, बायकांचे, पोरांचे. चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय याची कल्पना, घडवले शिल्पकार पाउएर द्युला यांनी, २००५ साली. काठ आणि शहर यांच्यामध्ये वाहता रस्ता आहे, तो बेताने ओलांडा.

पुढे विगादो चौकात ट्रामच्या कठड्यावर एक लहान मुलगी बसलीये. डोक्यावर कागदाचा मुकुट, अंगावर झगा. शिल्पकार मार्तोन लास्लो यांची मुलगी राजकन्या राजकन्या खेळायची, त्यावरून. गुडघे लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखे पिवळे केलेत. बाबांना हात लावायचाच असेल तर हक्काची जागा.

रेवाकाठी

आम्हाला स्थानिक गाईडने साखळीपुलाच्या सिंहांची गोष्ट सांगितली होती. शिल्पकार जिभा करायला विसरला, लोक हसले, म्हणून त्याने पुलावरून उडी मारून जीव दिला. खरंय का?

दानूबकाठचा_गोंद्या

रेवाताई, त्या गाईडला दक्षिणा परत मागा. सिंह १८५२ साली बसवले, मार्शाल्को यानोश यांनी केलेले. ते गृहस्थ त्यानंतर पंचवीस वर्षं जगले, १८७७ ला गेले. आणि सिंहांना जिभा आहेत! सिंह उंचावर, तोंड किंचित उघडं, त्यामुळे खालून दिसत नाहीत.

पूल १८४९ चा. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला, १९४९ ला, म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षी पुन्हा उघडला.

निवृत्त_ओव्हरसियर

पुलाचा आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रजाचा, आणि बांधकामावर देखरेख ॲडम क्लार्क या स्कॉटिश माणसाची. आडनाव एकच, नातं नाही. आमच्या खात्यात असा घोळ झाला असता तर पगार भलत्याच्या खात्यावर गेला असता. ॲडम क्लार्कने तिथलीच मुलगी केली आणि तिथेच राहिला. पुलाच्या बुडा बाजूच्या टोकाला त्याच्या नावाचा चौक आहे.

मोरपीस

काका जबरी. मी त्या चौकातून तीनदा गेले आणि एकदाही पाटी वाचली नाही.

शाईचा_डाग

बाप रे, केवढी माहिती. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बाबांना वाचून दाखवलं. सिंहाच्या जिभेवर ते म्हणाले, "खालून बघणाऱ्याच्या डोळ्याने मूर्ती करायची असते, त्याने शिडीवरून केली." आता सिंह बघायलाच हवेत.

कम्युनिस्ट काळातले पुतळे एका बागेत ठेवलेत म्हणे. लांब आहे का? जावं का?

निवृत्त_ओव्हरसियर

माझं मत, जाऊ नये. आम्ही अर्धा दिवस घालवला. भर उन्हात, सावली नाही, विटांच्या भिंती आणि लेनिन. सहा दिवसांतला अर्धा दिवस लेनिनला कशाला द्यायचा?

दानूबकाठचा_गोंद्या

काकांशी इथे मी भांडणार.

मेमेंटो पार्क म्हणजे लेनिनचं देऊळ समजू नका. १९८९ नंतर रस्त्यावरचे हे पुतळे ठेवायचे की वितळवायचे यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं की फोडायचे नाहीत आणि चौकात ठेवायचेही नाहीत. एलेओद आकोश या वास्तुविशारदाने गावाबाहेर मोकळ्या माळावर जागा आखली, १९९३ च्या जूनमध्ये उघडली. बेचाळीस शिल्पं आहेत. दारात विटांच्या कमानीत एकीकडे लेनिन आणि दुसरीकडे मार्क्स-एंगेल्स, पण मागे वाडा नाहीच! नुसता दर्शनी भाग. पुढे रस्ता सरळ जातो आणि भिंतीवर आपटून संपतो. आखणाऱ्याने म्हणायचं ते तिथेच म्हटलंय.

बाबांसाठी तीन गोष्टी. एक, खलाशी. हात पसरून अंगावर धावून येणारा प्रचंड मोठा माणूस. १९१९ च्या एका भित्तिचित्रावरून १९६९ मध्ये केला. गावकऱ्यांनी त्याला 'कोट सांभाळणारा' नाव पाडलं होतं, की बुवा नाटक संपलं, साहेब मफलर विसरले, आणि हा ओरडत मागे धावतोय. एकदा हे कानावर पडलं की क्रांतिकारक दिसायचाच बंद होतो.

दोन, वॉर्गा इम्रेंचं १९८६ चं, १९१९ च्या लाल राजवटीचा पुढारी कून बेला याचं स्मारक. ओतीव काम बघून कंटाळलेल्या माणसाने हे जरूर बघावं. पत्र्याची माणसं, अख्खा जमाव, वर दिव्याच्या खांबापाशी हात वारे करणारा पुढारी.

तीन, कॅप्टन ओस्तापेन्को. हातात झेंडा घेतलेला सोव्हिएत अधिकारी. १९४४ च्या डिसेंबरात वाटाघाटीला गेलेला असताना मारला गेला. त्याचा पुतळा शहराबाहेर पडून बालातोन तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता आणि तळ्यावर जाणारी पोरं तिथे अंगठा दाखवून लिफ्ट मागायची. झेंडा फडकवणारा कॅप्टन जणू त्यांच्याच बाजूने गाड्या थांबवतोय. पुतळा गेला, जागेचं नाव लोकांच्या तोंडी अजून ओस्तापेन्कोच.

आणि बाहेर, दारासमोर, स्टालिनच्या सभामंचाची प्रतिकृती, वर फक्त ते बूट.

जायचं कसं : मेट्रो ४ ने केलेनफोल्ड, तिथून बस. १५० नंबर आठवतोय, पण निघताना ॲपवर बघा. टोपी आणि पाणी न्या. काका म्हणतात ते ऊन खरं आहे.

निवृत्त_ओव्हरसियर

मफलरची गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर आम्हीही हसलो असतो. आम्ही गंभीरपणे पाहिलं.

टिवल्याबावल्या

मला हसू येईल असेच पुतळे आवडतात. माझी यादी :

बासिलिकासमोरच्या झ्रिन्यी रस्त्यावरचा जाडा पोलीस. पोट चकाचक, सगळे हात फिरवतात. फाल्क मिक्शा रस्त्याच्या कोपऱ्यावर कोलंबो. होय, टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह, चुरगळलेला कोट आणि डोकं खाजवत, सोबत कुत्रा. २०१४ चा. रस्त्याचं नाव फाल्क आणि नटाचं आडनाव फॉक, एवढ्या भांडवलावर उभा केलाय. नातं असल्याचा पुरावा नाही.

आणि खरी मजा म्हणजे कोलोद्को. उझहोरोदहून आलेला शिल्पकार, वीतभर उंचीचे ब्राँझचे पुतळे रात्रीतून कुठेही बसवून जातो. कठड्यावर, भिंतीच्या खाचेत. कोलंबोच्या जवळ बघा, एक मेलेली खार पडलीये, पंजाजवळ पिस्तूल. म्हणजे कोलंबोला केस मिळाली! बुडाच्या काठावर पार्लमेंटकडे रोखलेला एक छोटा रणगाडा आहे, त्याची नळी गळून खाली लोंबलेली. स्वातंत्र्यपुलावर फ्रान्झ योझेफ झोळीत आडवा पडलाय.

दानूबकाठचा_गोंद्या

टिवल्याने पहिल्यांदा उपयोगाचं लिहिलं. त्या पुलाच्या उद्घाटनाला १८९६ मध्ये फ्रान्झ योझेफ स्वतः आला होता, शेवटचा चांदीचा रिव्हेट त्याने ठोकला. पुढे त्याचं नाव पुलावरून गेलं, वीरांच्या चौकातून पुतळा गेला. आता वीतभराचा होऊन झोळीत परत आलाय.

रेवाकाठी

सबादशाग चौकाबद्दल कोणी लिहिलंच नाही. मला तो सगळ्यात विचित्र वाटला. एका टोकाला सोव्हिएत सैन्याचा स्तंभ, वर सोनेरी तारा. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर रोनाल्ड रेगन रुबाबात चालत निघालेत. दुसऱ्या टोकाला एक गरुड देवदूतावर झेपावतोय आणि त्याच्यासमोर जमिनीवर जुन्या बॅगा, फोटो, चष्मे, गोटे. आम्हाला वाटलं कोणीतरी सामान विसरलंय. ते काय आहे?

दानूबकाठचा_गोंद्या

विसरलेलं नाही. मुद्दाम ठेवलंय.

गरुड म्हणजे जर्मनी, देवदूत गाब्रिएल म्हणजे हंगेरी. १९४४ च्या जर्मन कब्जाचं स्मारक, २०१४ च्या जुलैत रात्रीतून उभं केलं. उद्घाटनाचा कार्यक्रम आजतागायत झालेला नाही. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की देवदूत दाखवून हंगेरीने आपले हात झटकले. १९४४ च्या मे ते जुलै, दोन महिन्यांत सव्वाचार लाखांहून जास्त ज्यूंना गाड्यांत कोंबून पाठवलं, त्या कामात हंगेरीचीच सरकारी यंत्रणा होती. म्हणून ज्यांच्या घरचे गेले त्यांनी घरातल्या वस्तू आणून समोर मांडल्या. पावसाने खराब झालेले कागद लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात. मी एकदा एका आजींना तिथे पाहिलं. पर्समधून रुमाल काढून फोटोच्या काचेवरचं पाणी पुसलं, नीट उभा केला, आणि चालू लागल्या. सरकारी पुतळ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

सोव्हिएत स्तंभ मात्र हलला नाही. युद्धस्मारकं जपायचा दोन देशांमधला करार आहे. रेगन २०११ चे.

याच जातीतला आणखी एक किस्सा, राउल वालेनबर्गचा. स्वीडनचा राजदूतावासातला अधिकारी, संरक्षणपत्रं वाटून हजारोंचा जीव वाचवला, आणि १९४५ च्या जानेवारीत सोव्हिएतांनी पकडून नेला तो कधीच परतला नाही. १९४९ मध्ये त्याचं स्मारक केलं, सापाला मारणारा पुरुष, शिल्पकार पात्सई पाल. उद्घाटनाच्या आदल्या रात्री ते दोर लावून काढून नेलं. पुढे तोच पुतळा देब्रेत्सेन शहरात एका औषध कारखान्यासमोर उगवला, साप म्हणजे रोग आणि माणूस म्हणजे औषध! १९९९ मध्ये प्रतिकृती करून मूळ जागी, सेंत इश्तवान बागेत बसवली. दोन्ही अजून आहेत.

मोरपीस

अंगावर काटा आला. आणि साप म्हणजे रोग यावर हसूही आलं.

अवांतर : गेलेर्त टेकडीवरची ताडाचं पान धरलेली बाई राहिली.

दानूबकाठचा_गोंद्या

हो. स्वातंत्र्यदेवी, १९४७, शिल्पकार किशफालुदी श्त्रोब्ल. मूर्ती १४ मीटर, चौथरा २६. सोव्हिएतांनी सोडवलं म्हणून उभी केली होती. १९८९ नंतर पाडायची चर्चा झाली, पण शहराच्या कुठूनही दिसणारी आकृती लोकांना सवयीची झाली होती. मग पायथ्याचा सोव्हिएत सैनिक उचलून मेमेंटो पार्कात नेला, लेख बदलला, देवी राहिली. १९९२ मध्ये एका कलावंताने तिला काही दिवस पांढऱ्या कापडात गुंडाळून डोळ्यांच्या जागी भोकं ठेवली. गावावर भूत.

आईंसाठी : चढू नका, नदीपलीकडून बघा. वर किल्ल्याचं काम बरीच वर्षं चालू होतं, त्यामुळे वर जायचंच असेल तर आधी चौकशी करा.

निवृत्त_ओव्हरसियर

बाहेरच्या एका दिवसासाठी बालातोनफ्युरेद सुचवतो. देली स्टेशनवरून आगगाडी, दोन तासांच्या आसपास. तळ्याकाठी सपाट फिरायचा रस्ता आहे, नाव टागोर. १९२६ मध्ये रवींद्रनाथ इथल्या हृदयरोगाच्या रुग्णालयात उपचाराला होते, बरे झाल्यावर एक लिंडनचं झाड लावलं. झाडाशेजारी त्यांचा अर्धपुतळा. पुढे भारतातून आलेल्या पाहुण्यांनी रांगेत झाडं लावली. रुग्णालय अजून चालू आहे. सौ.ने त्या झाडाखाली डबा उघडला होता.

शाईचा_डाग

काका, ठरलं. तिकडेच डबा उघडणार.

टिवल्याबावल्या

पुतळे हलवण्यात आपणही मागे नाही बरं का. मुंबईचा काळा घोडा!

निवृत्त_ओव्हरसियर

१९६५ साली हलवला. मी तेव्हा शाळेत. वडील फोर्टात कारकून होते, त्यांच्या ऑफिसच्या वाटेवर होता. घोडा गेला, मागे गाड्या लावायची जागा उरली, तरी बसवाला "काळा घोडा" असंच ओरडायचा. घोडा काळा, वर बसलेले सातवे एडवर्ड, तेव्हाचे युवराज. पण राजाचं नाव कोणी घेतलं नाही, घोड्याचंच राहिलं. गोंदोपंतांचा तो ओस्तापेन्को वाचला तेव्हा मला हेच आठवलं. आता मूळ पुतळा भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. फोर्टात २०१७ साली नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही.

दानूबकाठचा_गोंद्या

काका, आता तुम्हाला एक देतो. काळा घोडा १८७९ चा, सर आल्बर्ट ससून यांनी दिलेला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम. हे लंडनमध्ये नाव काढलेले, जन्म व्हिएन्नाचा, आणि आई-वडील मूळचे हंगेरियन!

टिवल्याबावल्या

आता हा काळा घोडा पण "आमच्या बुदापेश्तचा" होणार. झालं.

शाईचा_डाग

धागा वर काढतेय. परवा परत आलो. सविस्तर लिहायचा कंटाळा करत नाही, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

मेमेंटो पार्कला गेलो. ऊन होतंच, काका बरोबर. खलाशासमोर बाबांनी आईला मफलरची गोष्ट सांगितली आणि आई इतकी हसली की शेजारच्या जर्मन जोडप्याने विचारलं काय झालं. मग त्यांनाही सांगितली. कून बेलाच्या स्मारकाभोवती बाबा चाळीस मिनिटं फिरत होते, मागून, वाकून, सांधे बघत. "पत्रा कापून गर्दी केलीये. प्रत्येक माणूस अर्धा मिलिमीटर जाडीचा असेल, पण बाजूने बघ, गर्दी आहे." जाडी त्यांच्या अंदाजाने हं, मोजली नाही. ओबुदाच्या चौकातल्या छत्रीवाल्या बायका त्याच शिल्पकाराच्या हे पाटीवर वाचलं तेव्हा म्हणाले, "वाटलंच."

सिंहांच्या जिभा दिसल्या नाहीत. बाबांनी पुलाच्या पायऱ्यांवर उभं राहून, टाचा उंचावून, माझ्या फोनने झूम करून बघितलं. तरी नाही.

बूट शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाहिले. लोकांनी मेणबत्त्या, खडे, एका छोट्या बुटात चॉकलेट ठेवलं होतं. एक मुलगी एका जोडाशेजारी स्वतःचा पाय ठेवून फोटो काढत होती, तिच्या आईने तिला ओढून नेलं. बाबा जवळ जाताना सवयीने खाली बसले आणि स्वतःच्या बुटाची नाडी सोडायला लागले, समाधीपुढे सोडतो तशी. एक गाठ सुटली. मग हात थांबला. तसेच बसून राहिले थोडा वेळ. नंतर समोरच्या लोखंडी बुटाच्या नाडीवर बोट फिरवलं, आणि उठताना मला म्हणाले, "ही नाडी साच्यात नाही आली. नंतर वेगळी लावली आहे." ट्राममध्ये बसेपर्यंत काही बोलले नाहीत. त्यांची ती एक नाडी हॉटेलपर्यंत सुटलेलीच होती.

फ्युरेदला डबा उघडला. थेपले आणि लिंबाचं लोणचं. रवींद्रनाथांच्या साक्षीने.

काळ्या घोड्याचं मात्र बाबांच्या डोक्यात बसलंय. म्हणतात, साठ वर्षं मुंबईत काढली आणि हंगेरीला जाऊन कळलं घोडा कोणाच्या हातचा ते. या आठवड्यात राणीच्या बागेत जायचा बेत आहे, बुधवारी मला सुट्टी आहे.

मोरपीस

नाडीचं वाचून गप्पच झाले. फोटो चढव ना जमेल तेव्हा.

निवृत्त_ओव्हरसियर

बुधवारी जाऊ नका, बंद असते. गुरुवारी सकाळी जा. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळच आहे, तिथेच घारापुरीचा दगडी हत्तीही बाहेर उभा आहे. तोही हलवून आणलेला.